हात कर्मेंद्रिय की ज्ञानेंद्रिय?

तेरला गोरा कुंभाराच्या घरी संतमंडळी जमली होती. कोपऱ्यातलं थापटणं पाहून मुक्ताबाईने विचारलं, हे कशासाठी? मडकं पक्कं की कच्चं ते याने कळतं, गोरोबाकाका म्हणाले. मग इथली मडकीही तपासा की, असं तिने सुचवलं आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे शांत बसले. नामदेव चिडले, म्हणून तेच कच्चे ठरले आणि पुढे गुरूच्या शोधात औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. कीर्तनात ही आख्यायिका अहंकाराची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण ज्ञान्यांच्या त्या मेळ्यात पारख करण्याचा मान माती थापणाऱ्या हाताला मिळाला, याकडे सहसा लक्ष जात नाही.

शास्त्रांनी हाताला हा मान दिलेला नाही. सांख्यदर्शनात डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही ज्ञानेंद्रियं. हात मात्र वाणी आणि पाय यांच्यासोबत कर्मेंद्रियांत बसतो. म्हणजे तळहाताच्या कातडीला ज्ञान होतं, पण पकडणाऱ्या, वळवणाऱ्या, जोडणाऱ्या हाताला होत नाही. वर्गवारी बारकाईची आहे. तरीही प्रश्न उरतो: हात नुसता डोक्याचा हुकूम बजावतो, की काम करता करता असं काही जाणतो जे डोळ्यांना आणि कानांना कधीच गवसत नाही?

याचं उत्तर शोधताना एखाद्या आठ-दहा वर्षांच्या मुलासमोर काड्यापेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब ठेवावी. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, गूल खरवडून काढलेल्या काड्या त्यांत दोन्ही बाजूंनी खुपसायच्या. चार काड्यांचा चौकोन केला, तर तो जरा दाबताच तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण केला, तर कितीही दाबा, आकार सोडत नाही. पुलाच्या आणि विजेच्या मनोऱ्यांच्या सांगाड्यांत त्रिकोण का असतात, ते बोटांना आधी कळतं. शब्द मागून येतात. हा खेळ लोकप्रिय केला अरविंद गुप्तांनी. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर होऊन ते पुण्यात टेल्कोत लागले. १९७८ मध्ये त्यांनी रजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम केलं. हा कार्यक्रम १९७२ साली १६ सरकारी शाळांत सुरू झाला होता. गावातल्या मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावं, हा त्याचा आग्रह होता. पुढे पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली आणि त्यांची कृती कुणालाही फुकट मिळेल अशी ठेवली.

त्यांतली छोटी मोटर या प्रश्नाच्या गाभ्याशी नेते. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, एवढंच साहित्य. वेटोळ्याच्या एका टोकाचं एनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. मूल घाईने दोन्ही टोकं पूर्ण खरवडतं. मग वेटोळं अर्धा फेरा घेतं आणि उलटं ओढलं जाऊन थरथरत राहतं. अर्धी बाजू तशीच ठेवली की पुढच्या अर्ध्या फेऱ्यात प्रवाह तुटतो, वेटोळं स्वतःच्या गतीने पुढे सरकतं आणि फिरतच राहतं. पुस्तकातल्या आकृतीत हे सगळं असतं. पण थरथरणारं वेटोळं ज्याने स्वतः दुरुस्त केलं, त्याला ‘का?’ हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारावा लागत नाही.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाचं कोडं घालतो आणि ज्ञान आत्म्यात आधीपासूनच असतं, असं त्यावरून दाखवू पाहतो. प्रसंग थोर आहे. पण त्यात आकृत्या सॉक्रेटिस काढतो. मुलगा उत्तरं देतो. रेघ ओढायला त्याला मिळाली असती, तर ज्ञान आठवण्याऐवजी घडवण्याची गोष्ट ठरलं असतं का, हे विचारायला हवं.

आपल्याकडे हात आणि डोकं यांची फारकत ग्रंथांपुरती राहिली नाही, ती माणसामाणसांत झाली. चामडं, माती, लोखंड, सूत ज्यांच्या हातांना कळत होतं त्यांना अक्षर नाकारलं गेलं, आणि अक्षर बाळगणाऱ्यांनी हत्यार धरणं हलकं मानलं. म्हणून मुलांच्या हाती पक्कड देण्याचा प्रश्न इथे नुसत्या अध्यापनपद्धतीचा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधींनी हस्तोद्योगातून सगळं शिक्षण देण्याचा विचार मांडला. झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेवर तेव्हाच आक्षेप आला, की यातून बालमजूर तयार होतील. तो आक्षेप रास्त होता आणि आजही आहे. टकळी फिरवणाऱ्या मुलाला तिच्यामागचं गणित, कापसाचा भूगोल आणि गिरण्यांचा इतिहास मिळाला नाही, तर ते केवळ सूत काढणं. गांधींची अपेक्षा मात्र नेमकी उलट होती: प्रत्येक क्रियेचं कारण मुलाला कळावं.

डॉ. श्रीनाथ कलबागांनी हे सूत्र वेगळ्या काळात उचललं. मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात आणि त्यासोबत त्यामागचं विज्ञान शिकतात. गावाच्या कामी येणारी वस्तू करायची, म्हणजे चूक लपत नाही: दरवाजा लागत नसेल तर माप चुकलेलं असतं.

शाळांत आता अटल टिंकरिंग लॅब आल्या आहेत. २०१६ पासून त्यांसाठी प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्रिमितीय प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सची किट यांचं स्वागतच करायला हवं. मात्र किटमधले भाग जसे सांगितले तसेच जोडले की ठरलेलं यंत्र तयार होत असेल, तर तिथे हात पुन्हा हुकूम बजावणारा होतो. सेल, पिना आणि तारेच्या मोटरीत चुकायला जागा आहे. महागडं सामान मोडेल या भीतीने मुलाला बाजूला उभं करून शिक्षकच प्रयोग दाखवू लागले, तर मूल पुन्हा त्या गुलाम मुलाच्या जागी जातं.

आणि वेळापत्रकाचं काय? कोठारी आयोगाने साठच्या दशकात कार्यानुभवाची शिफारस केली, तो विषय महाराष्ट्रातल्या शाळांत आला. पण विज्ञानाचा तास वेगळा आणि कार्यानुभवाचा वेगळा ठेवून आपण सांख्यांची वर्गवारी फळ्यावर कायम केली. परीक्षा जवळ आली की यांतला कुठला तास गणिताला दिला जातो, ते प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. सेफ्टी पिनांची मोटर विज्ञानाच्या तासाला, प्रत्येक बाकावर, गुणांसकट व्हायला हवी. त्यासाठी नवं अनुदान लागत नाही. लागतो तो जास्तीचा वेळ, आणि थरथरून थांबलेलं वेटोळं मूल पुन्हा खरवडेपर्यंत वाट पाहणारा शिक्षक.