संपादकाविना लेखणी

वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात ऑक्टोबर २०१० मध्ये हिंदी ब्लॉगलेखक एकत्र आले होते. विचारविनिमयाचा विषय होता ब्लॉगलेखनाची आचारसंहिता. २०१३ मध्ये तेथेच ब्लॉग व समाजमाध्यमे यांवर पुन्हा परिसंवाद झाला. (या विश्वविद्यालयाची स्थापना आणि ‘वेबलॉग’ या शब्दाचा जन्म, दोन्ही १९९७ सालचे, हा एक योगायोग.) लिहिणाऱ्यांनी स्वतःच आपल्यावर बंधने असावीत काय, असा प्रश्न विचारावा, ही गोष्ट दुर्मिळ आहे.

पूर्वी लेखक आणि वाचक यांच्यामध्ये संपादक आणि छापखाना उभे असत. १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’सारखी सेवा सुरू झाली आणि ती भिंत कोसळली. आर्वी किंवा हिंगणघाटची एखादी विद्यार्थिनी आज कोणाच्याही शिफारशीविना आपले म्हणणे जगापुढे ठेवू शकते. ज्या समाजाविषयी इतरच सदैव लिहीत आले, त्याला स्वतःविषयी स्वतः लिहिण्याची संधी मिळाली, ही अल्लाहची देणगीच मानावी लागेल. परंतु संपादक गेला तेव्हा त्याचा एक प्रश्नही सोबत गेला: हे तुम्हाला कोणी सांगितले?

मुस्लिम समाजाला हा प्रश्न पहिल्या दोन-तीन शतकांतच भेडसावला होता. प्रेषितांच्या (स.) नावाने कोणीही काहीही सांगू शकत होता. हदीसच्या विद्वानांनी त्यावर बोलण्यास बंदी घालणारी कचेरी उघडली नाही. त्यांनी ‘सनद’ मागितली. तुम्ही कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून, अशी नावांची साखळी. मग त्या नावांची पारख झाली. कोणाची स्मरणशक्ती दुबळी, कोण खोटे बोलतो, हे उघडपणे नोंदविले गेले. ही निंदा नव्हे काय, अशी शंका तेव्हाही निघाली. विद्वानांचा निर्णय असा की, लोकांच्या धर्माचे रक्षण करण्यासाठी, गरजेपुरते आणि पुराव्यानिशी दोष सांगणे निषिद्ध नाही.

ब्लॉगलेखकाला याहून चांगली कसोटी कोणती मिळणार? सूरह हुजुरातमध्ये संशय, हेरगिरी आणि पाठीमागील निंदा यांपासून रोखले आहे. सूरह निसामध्ये वाईट बोलणे चव्हाट्यावर आणणे अल्लाहला अप्रिय असल्याचे सांगून पीडिताला मात्र सवलत दिली आहे. म्हणून ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ‘गप्प बस, ही निंदा आहे’ असे बजावणारे धर्माची बाजू घेत नसतात. मात्र शेजाऱ्याच्या घरातील भांडण रंगवून लिहिणाऱ्यानेही स्वतःला पीडित म्हणवून घेऊ नये.

निनावी लेखनाचे काय? जुलमाच्या भीतीने नाव लपविणे आणि दुसऱ्याला घायाळ करून नामानिराळे राहण्यासाठी ते लपविणे यांत अंतर आहे. तरीही अज्ञात निवेदकाचे कथन हदीसशास्त्रात दुबळेच मानले जाते, आणि येथे वाचकाची जबाबदारी सुरू होते. बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या वार्तेची शहानिशा करण्याचा आदेश तर ऐकणाऱ्यांना दिलेला आहे. ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मजकूर पुढे पाठविणाराही त्या साखळीतील एक कडी होतो.

सर्वांत बिकट गोष्ट तौबेची. बैठकीत कोणावर खोटा आळ घेतला, तर त्याच लोकांपुढे तो मागे घ्यावा आणि ज्याची बदनामी झाली त्याची क्षमा मागावी. पण ब्लॉगचे वाचक कोण, हे लेखकाला ठाऊकच नसते. मजकूर पुसला तरी प्रती फिरत राहतात. निदान, चुपचाप पुसून टाकण्याऐवजी त्याच जागी, तितक्याच ठळकपणे दुरुस्ती लिहावी. सूरह यासीनमध्ये माणसाच्या कर्मांबरोबर त्याने मागे ठेवलेल्या खुणांचीही नोंद होत असल्याचे सांगितले आहे. लेखकाच्या निधनानंतरही ब्लॉग वाचला जातो. पासवर्ड बहुधा घरच्यांना ठाऊक नसतो.