मैत्रीची इर्जिक

आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत २,९९,००० हून अधिक लोकांनी नोंदवले, की आजारपण, म्हातारपण किंवा अपंगत्व यांमुळे परावलंबी झालेल्या जवळच्या माणसाची आपण नियमितपणे आणि विनामोबदला देखभाल करतो. दर १०० माणसांमागे हे प्रमाण जवळपास ६ आहे. या देखभालीचे तास मोजता येतात. तिच्यातून येणारे एकटेपण मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना अपंग मूल मोठ्याने ओरडते, चार माना मागे वळतात, आणि पुढच्या रविवारी ती आई येत नाही. मग बोलावणी कमी होतात, घरी येणारी पावले थांबतात. अशा घराशी चर्चचे स्वयंसेवक मैत्री करू पाहतात, तेव्हा प्रश्न पडतो: धर्मकर्तव्य म्हणून, ठरवून केलेली मैत्री ही मैत्री असते का? असू शकते, असे मला वाटते. पण ज्या घरी द्यायला गेलो, त्या घराकडून घेण्याचीही तयारी असेल तरच.

‘फेथ अँड लाइट’ या ख्रिस्ती चळवळीचा जन्मच अशा एकटेपणातून झाला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोन मुलांना घेऊन एक फ्रेंच जोडपे १९६० च्या दशकात लूर्द या तीर्थस्थानाच्या यात्रेला निघाले. मुलांमुळे इतरांना त्रास होईल म्हणून यात्रेकरूंच्या जथ्यात त्यांना जागा मिळाली नाही. ते स्वतःच्या बळावर गेले, तेव्हाही हॉटेलात त्यांचे जेवण खोलीतच पाठवले जाई. या दुःखाला उत्तर म्हणून १९७१ च्या ईस्टरला सुमारे १२,००० यात्रेकरू लूर्दला जमले. त्यांतले जवळपास एकतृतीयांश स्वतः अपंग होते. पुढे त्यातून छोटे छोटे गट उभे राहिले, आयर्लंडमध्येही. गटात अपंग व्यक्ती, त्यांचे कुटुंबीय आणि त्यांचे मित्र एकत्र जमतात. तिसऱ्या घटकाला ‘सेवक’ न म्हणता ‘मित्र’ म्हटले आहे, आणि या शब्दामागे मोठा विचार आहे.

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते दोघांत अंतर फार वाढले की मैत्री टिकत नाही. म्हणून देवाशी मैत्री त्याला अशक्य वाटली. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र येशू अखेरच्या रात्री शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो, आणि याच आधारावर तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ईश्वरी प्रीतीला मैत्रीच मानले. म्हणजे ख्रिस्ती विचारात बरोबरी ही मैत्रीची पूर्वअट राहत नाही. मैत्रीच बरोबरी घडवते. ती कशी घडते, हे आपल्याकडच्या इर्जिकीतून समजते. नांगरणीला शेजारी आपापले बैल घेऊन येतात आणि शेताचा मालक सगळ्यांना जेवू घालतो. आयर्लंडच्या खेड्यांतही एकमेकांच्या कापणीला जाण्याची अशीच रीत होती. तिला ‘मेहल’ म्हणतात. ते जेवण म्हणजे मजुरी नव्हे, यजमानाचा मान आहे. तसेच तासभर मुलाजवळ बसून आईला मोकळीक देणाऱ्याने त्या घरचा चहा नाकारू नये, आणि आपली चिंताही तिला सांगावी. जिला फक्त घ्यावेच लागते, तिचे उपकारांखाली दबणे अटळ आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की अशा मैत्रीमुळे सरकारला हात झटकायला मोकळीक मिळते. ही भीती निराधार नाही. ८ मार्च २०२४ रोजी कुटुंबातल्या देखभालीविषयीची घटनादुरुस्ती आयरिश मतदारांनी जवळपास ७४ टक्के मतांनी फेटाळली. अपंग हक्कांसाठी झटणाऱ्या अनेकांचा विरोध याचसाठी होता, की त्या शब्दरचनेत भार घरावर राहत होता आणि शासनाचे बंधन दुबळे होते. पण उपचार आणि साहाय्यक मिळणे हा हक्क आहे, आणि मैत्री हक्क म्हणून मागता येत नाही. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. उलट, खरा मित्र हक्काचा अर्ज भरायलाही सोबत बसतो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. आयर्लंडमधल्या चर्चच्या संस्थांत मुलांवर झालेले अत्याचार २००९ च्या रायन अहवालाने देशापुढे मांडले. ‘फेथ अँड लाइट’चे एक संस्थापक ज्याँ व्हानिए यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली स्त्रियांचे लैंगिक शोषण केले, हे त्यांनीच स्थापलेल्या ‘लार्श’ संस्थेने २०२० मध्ये जाहीर केले. मग या दारातून आलेल्या मित्रावर विश्वास का ठेवावा? केवळ तो चर्चचा आहे म्हणून मुळीच ठेवू नये. पार्श्वभूमीची पडताळणी आणि तक्रारीची मोकळी वाट या गोष्टी मैत्रीच्या आड येत नाहीत. दुबळ्याचा शब्द बलवानाइतकाच वजनदार ठरेल, याची त्या हमी देतात. ज्या मैत्रीत ‘आज येऊ नका’ म्हणता येत नाही, ती मैत्री नव्हे, ताबा आहे. म्हणून कसोटी स्वयंसेवकाने किती घरांना भेटी दिल्या ही नाही. त्याला नको म्हणण्याची मोकळीक त्या घराला आहे का, आणि त्याच्या स्वतःच्या अडचणीत त्याला त्याच घराचे दार आठवते का, हे पाहावे.