बाळ बसलंय, तूही जरा बस

दुपारची जेवणं उरकली, माणसं शेतात गेली किंवा ओसरीवर कलंडली, की ही वेळ तुझी. उताणी निजू नकोस. या दिवसांत गर्भाशयाचं ओझं पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतं आणि गरगरायला लागतं. डाव्या कुशीवर हो. गुडघ्यांच्या मध्ये उशी, नाहीतर घडी घातलेली गोधडी. मोबाईल दुसऱ्या खोलीत राहू दे. सकाळपासून त्याला विचारून विचारून तू पुरेशी घाबरली आहेस.

श्वास आत घे. सोड. पुन्हा घे. पेडगावच्या स्टेशनावरून एखादी गाडी परभणीकडे जाईल, तिचा आवाज येऊ दे आणि जाऊ दे.

आता हात पोटावर ठेव. बरगड्यांच्या खाली, जरा एका बाजूला, काहीतरी गोल आणि टणक लागेल. बोटांनी हलकेच चाचपलंस तर तेवढंच हलतं, बाकी अंग जागचं हलत नाही. ते डोकं. लाथा मात्र खाली बसतात, लघवीच्या पिशवीवर, म्हणून रात्री इतक्यांदा उठावं लागतं. सोनोग्राफीच्या कागदावर जे लिहून आलं ते तुझ्या अंगाला बहुधा आधीच कळत होतं. बाळ बसलेलं आहे. त्याला आत काही दुखत नाही, त्याचं काही अडलेलं नाही. अडचण आहे ती बाहेर यायच्या वेळची, आणि ती वेळ अजून आलेली नाही.

हे एकदा मनाशी नीट म्हण. ती वेळ अजून आलेली नाही.

सातव्या महिन्याच्या सुमाराला, अठ्ठाविसाव्या आठवड्यात, चार-पाच बाळांतलं एक असंच बसलेलं असतं. ओटभरणाला जमलेल्या बायकांपैकी कितीजणींची तशी असतील, कुणी पाहिलेलं नसतं. पुढे बहुतेक आपोआप फिरतात. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चार उरतात. तुझं अजून फिरलेलं नाही.

का? हा प्रश्न येणारच, तर येऊ दे. भरलेला हंडा उचलला म्हणून. हात वर करून दोरीवर कपडे वाळत घातले म्हणून. ग्रहणात अंगणात गेलीस म्हणून. प्रत्येक कारण मनात येईल, त्याच्याकडे बघ, आणि त्याला जाऊ दे, कारण यातलं एकही खरं नाही. खरी कारणं वेगळी असतात: गर्भजल फार किंवा फार कमी असणं, वार खाली असणं, गर्भाशयाचा आकार जरा वेगळा असणं, त्यात गाठ असणं. आणि पुष्कळदा काहीच सापडत नाही. सोनोग्राफीत ही कारणं पाहिली का, एवढं डॉक्टरांना विचारावं. दोष शोधायचं काम तिथे संपतं.

थोडं थांब. पाणी पी.

घरात या चार दिवसांत खूप बोलणं झालं असेल. त्यातला बराचसा भाग सल्ल्याचा दिसतो, पण तो भीतीचा आहे. प्रत्येकाची भीती निराळी आहे आणि सगळ्यांनी ती आणून तुझ्या पोटावर ठेवली आहे. एकेक उचलून बाजूला ठेवू या.

आधी आजीची. ती म्हणते, पायाळू लेकरू गुणाचं. त्याला जमिनीतलं पाणी कळतं, त्याचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते. आणि त्याच दमात सांगते की वीज कडाडली की त्याला आधी घरात घ्यावं. ऐकून घे, हसू नकोस. सुईणींच्या काळात पायाकडून आलेली बाळं गावाने पाहिली आहेत, आणि त्यातली जी रडली, जगली, वाढली, त्यांच्याभोवती गोष्टी जमल्या. उसण उतरवायला बोलावलेला प्रत्येक पायाळू हा वाचलेला पायाळू असतो. जी बाळं वाचली नाहीत त्यांची बारशी झाली नाहीत, मग गोष्टी कुठून होणार? आजीच्या बोलण्यातली ती वीज मला तिथून आलेली वाटते. तिच्या आठवणीत असं एखादं बाळ असेलही. विचारायचंच तर हळू विचार.

त्या बाळांचं काय होत असे तेही समजून घे. डोकं आधी येतं तेव्हा त्याला वाट काढायला कित्येक तास मिळतात. कवटीची मऊ हाडं एकमेकांवर जराशी सरकतात आणि डोकं निमुळतं होतं. पायाकडून येताना सगळ्यांत मोठा भाग शेवटी येतो आणि त्याला मिळतात ती मिनिटं. तेवढ्यात नाळ दाबली गेली तर प्राणवायू तुटतो. यात भाग्य-अभाग्य काही नाही.

आता आईची भीती. तिला चिरण्याचं भय आहे. एकदा पोट फाडलं की बाई जन्माची अधू, मग कापूस वेचणी नको, सोयाबीनची काढणी नको, असं तिने ऐकलेलं आहे. यात अर्धं खरं आहे. सिझेरियन ही मोठी शस्त्रक्रिया आहे, काही आठवडे जड काम करता येत नाही, आणि गर्भाशयावरचा व्रण पुढच्या प्रत्येक गरोदरपणात लक्षात ठेवावा लागतो. वार त्या व्रणाला चिकटून बसण्याचा धोका दर शस्त्रक्रियेगणिक वाढतो. पण सिझर झालेली बाई अधू होते, हे खोटं आहे. तशा बाया पेडगावच्या रानात आजही कापूस वेचताना दिसतील.

नवऱ्याची भीती पैशाची. तो बोलत नाही, फक्त फोनवर 'बघू' म्हणतो. त्याला सांग, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सात दिवसांचं जेवण आणि घरी सोडायला गाडी, हे सगळं मोफत मिळायला हवं. हक्क म्हणून माग, उपकार म्हणून नको. कर्जाचा आकडा मनातून गेला की माणूस नीट ऐकायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

आणि डॉक्टरांनाही भीती असते, ते ती दाखवत नाहीत एवढंच. ती मात्र नुसती ऐकीव नाही. 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये मेरी हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. 26 देशांतल्या 2088 स्त्रिया, सगळ्यांची बाळं अशीच बसलेली. बाळ दगावण्याचं किंवा त्याला गंभीर इजा होण्याचं प्रमाण ठरवून सिझेरियन केलेल्यांत 1.6 टक्के निघालं, आणि खालून बाळंतपण ठरवलेल्यांत 5 टक्के. जगभरची रुग्णालयं या आकड्यांनी हलली. पुढे यावर पुष्कळ टीका झाली. यातल्याच काही मुलांना दोन वर्षांची झाल्यावर पाहिलं तेव्हा मृत्यू आणि वाढीतले दोष एकत्र धरूनही दोन गटांत फरक दिसला नाही. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या 2017 च्या मार्गदर्शिकेत हिशेब असा आहे: एकोणचाळीस आठवड्यांनंतर ठरवून सिझेरियन केलं तर हजारात साधारण अर्धं बाळ दगावतं, पायाकडून खालून आलं तर दोन, आणि डोक्याकडून नेहमीसारखं आलं तर एक. धोका दोन्हीकडे लहान आहे, पण सारखा नाही. आणि तो हिशेब सराव असलेल्या हातांचा आहे. 2000 नंतर बहुतेक ठिकाणी अशी बाळंतपणं थांबली, नव्या डॉक्टरांना ती बघायलाही मिळाली नाहीत. म्हणून परभणीतले डॉक्टर 'सिझरच करू' म्हणाले, तर त्यांना घाई आहे असं लगेच धरू नकोस. जे हाताने केलेलं नाही ते तुझ्यावर करून बघायचं नाही, हा शहाणपणाही असू शकतो.

आता एक उरली. तुझी.

तिच्याजवळ जरा जास्त वेळ थांब. ती बाळाच्या जिवाची आहे का? दुखण्याची आहे? की आपल्याला कुणी विचारणारच नाही, सासर-माहेरचे फोनवर ठरवतील आणि आपण नुसतं मान हलवायची, याची आहे? उत्तर मोठ्याने द्यायची गरज नाही. श्वास घे. नाम घ्यायची सवय असेल तर घे. तुझ्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईकडे विठ्ठल आला तो तिचं दळण चुकवायला आला नव्हता, बरोबर बसून दळू लागला. तेवढी सोबत पुरते.

आता कुशीवरूनच, हाताचा आधार घेऊन उठून बस. वही घे. इथून पुढचं मनन उघड्या डोळ्यांनी करायचं आहे.

वहीत पहिलं लिही: आज नक्की कितवा आठवडा. 'आठवा सरला' एवढं पुरत नाही. पहिल्या सोनोग्राफीवरून मोजलेले आठवडे घे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. छत्तिसाव्या आठवड्यानंतर पहिलटकरणीचं बाळ आपोआप फिरण्याची शक्यता दहात एकापेक्षाही कमी असते. नुसती वाट बघणं हाही एक निर्णयच आहे, तो घेतोय हे कळून घ्यावा. गुडघ्यावर ओणवं होऊन बसल्याने बाळ फिरतं असं बायका सांगतात. त्याने फिरल्याचा भरवशाचा पुरावा नाही, पाठीला बरं वाटत असेल तर कर.

दुसरं, डॉक्टरांना विचारायचा प्रश्न: बाहेरून बाळ फिरवून बघता येईल का? हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारलाच जात नाही, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. पहिलटकरणीसाठी छत्तिसाव्या, आधी बाळंत झालेलीसाठी सदतिसाव्या आठवड्यापासून हे करतात. गर्भाशय सैल पडावं म्हणून इंजेक्शन देतात, सोनोग्राफीत बाळ आणि वार पाहतात, ठोके तपासतात, आणि मग दोन्ही हातांनी बाळाचं ढुंगण ओटीपोटातून वर उचलून त्याला हळूहळू कोलांटी घ्यायला लावतात. काही मिनिटांचं काम. दुखतं, सहन होईना तर 'थांबा' म्हणायचं, थांबतात. नंतर पुन्हा ठोके बघतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. साधारण निम्म्या जणींत जमतं, पहिलटकरणीत जरा कमी, आणि एकदा फिरलेलं बाळ क्वचितच परत उलटतं. दोनशेत एखादीला लगेच सिझेरियन करावं लागतं, म्हणून शस्त्रक्रियेची सोय शेजारी असल्याशिवाय हे करायचं नाही. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, जुळी असतील तर हा मार्ग नाही.

आणि म्हणूनच गावात पोट चोळून बाळ सरळ करून देणाऱ्या बाईकडे जायचं नाही, ती कितीही मायेची असली तरी. तिच्या हातात वाईट काही नाही, पण आत वार कुठे आहे ते तिला दिसत नाही, आणि काही बिघडलं तर शेजारी शस्त्रक्रियेची खोली नाही.

विचारायला कुठे जायचं? दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. आशाताईंना आधी सांगून ठेव. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला विष्णुपुरीचं त्याहून जुनं. एका ठिकाणी 'आम्ही फिरवत नाही' म्हणाले तर 'कोण फिरवतं?' हा पुढचा प्रश्न.

नाहीच फिरलं तर ठरवून सिझेरियन, शक्यतो एकोणचाळीस आठवडे भरल्यावर, म्हणजे फुप्फुसं तयार झालेली असतात. ज्योतिषाने काढलेला मुहूर्त त्याआधीचा असेल तर तो मुहूर्त सोडा. नक्षत्र चांगलं आणि बाळ काचेच्या पेटीत, यात कुणाचं भलं झालं? टेबलावर घ्यायच्या आधी पुन्हा एकदा सोनोग्राफी करायला सांग, कारण एखादं बाळ शेवटच्या क्षणीही फिरलेलं सापडतं. खालूनच बाळंत व्हायची इच्छा असेल तर तसं सांगायला लाजू नकोस, पण त्याला बाळ कसं बसलंय, डोकं मागे कललेलं नाही ना, वजन किती आणि करणाऱ्याचा सराव किती, हे सगळं जुळून यावं लागतं. संमतीच्या कागदावर नवऱ्याची सही मागतील. तू सज्ञान आहेस, तुझ्या अंगावरच्या शस्त्रक्रियेची संमती तुझी. वाचून सही कर.

एक गोष्ट मात्र मननाची नाही, पाठ करायची आहे. पाणी गेलं, की कळा असोत नसोत, लगेच 108 ला फोन. बाळ पायाकडून असताना नाळ आधी घसरून बाहेर येण्याचा धोका जास्त असतो. तशी नाळ दिसली किंवा हाताला लागली तर तिला ढकलायचं नाही. गुडघे आणि कोपरांवर ओणवं व्हायचं, कंबर वर, डोकं खाली, आणि गाडी येईपर्यंत तसंच राहायचं. हे घरातल्या सगळ्यांना आजच सांग, लहान दिराला आणि भावालासुद्धा.

आणि बाळ कोणत्याही वाटेने आलं तरी त्याचे खुबे तपासून घ्यायचे आहेत. शेवटच्या दिवसांत असं बसून राहिलेल्या बाळांत खुब्याचा सांधा कच्चा राहण्याचं प्रमाण जास्त असतं, मुलींत आणखी जास्त. सव्वा महिना झाला की खुब्यांची सोनोग्राफी करून घे. तोवर पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून बांधायचं नाही, पाय बेडकासारखे फाकलेले राहू द्यायचे. पुढे मान धरल्यावर कडेवर घेणं तर चांगलंच. न्हाऊ घालणाऱ्या बाईला आणि आजीला हे आत्ताच सांगून ठेव, अजून त्या तुझं ऐकायच्या मनःस्थितीत आहेत तोवर.