रात्री दोनला असतं कोण?

जावावर चालणाऱ्या अनेक सिस्टिम्समध्ये एक सोय असते, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रोज रात्री ठरल्या वेळी सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतो. मी एका टीममध्ये नवा असताना याचं कारण विचारलं. सीनियर म्हणाला, "मेमरी वाढत जाते रे. आणि रात्री दोनला असतं कोण?"

ॲप्लिकेशन हॉस्पिटलांच्या विमा-मंजुरीचं होतं. रात्री दोनला असतो तो ॲक्सिडेंटचा पेशंट घेऊन आलेला माणूस. काउंटरवर त्याचा अर्धा फॉर्म भरून झालेला असतो, तेवढ्यात सेशन जातं आणि सगळं पहिल्यापासून. आमच्या आलेखात हा माणूस कुठेच दिसत नव्हता. आलेख मात्र सुरेख.

जावात मेमरी हाताने मोकळी करायची नसते, ते काम गार्बेज कलेक्टरचं. कल्पना जावाहून बरीच जुनी. जॉन मॅकार्थींच्या लिस्पवरच्या १९६०च्या निबंधात ती आहे. पण 'ही वस्तू पुढे लागणार का?' हे कलेक्टरला कळत नाही. चालू थ्रेड, स्टॅटिक व्हेरिएबल अशा मुळांपासून निघून जिथवर पोचता येतं, ते सगळं तो जिवंत धरतो. आमच्याकडे एक स्टॅटिक हॅशमॅप कॅशे म्हणून वापरला होता, आणि त्याच्या चावीच्या क्लासमध्ये इक्वल्स आणि हॅशकोड लिहिलेच नव्हते. त्यामुळे तीच माहिती दर वेळी नवी समजून आत जायची. कधी सापडायची नाही, कधी निघायचीही नाही. (दोन मेथड! त्यासाठी किती महिने रोज रीस्टार्ट.)

मेमरीचा आलेख करवतीसारखा वरखाली होतो, त्याला घाबरायचं कारण नाही. दातांचा तळ बघायचा. पूर्ण कलेक्शननंतरही तळ दिवसेंदिवस वर सरकत असेल तर गळती आहे. एक्सएमएक्स चार जीबीवरून आठ केला तर उधारीची मुदत वाढते, इतकंच.

रीस्टार्टला माझा विरोध नाही. भर दुपारी सर्व्हर आडवा पडला आणि लोक खोळंबले, तर आधी तो उभा करायचा. पण रीस्टार्टने पुरावा पुसला जातो. पुरावा हवा तर हीप डम्प घ्यावा लागतो, आणि तो लिहून होईपर्यंत ॲप्लिकेशन थिजतं. म्हणजे आज रांगेत उभ्या असलेल्यांना थांबवायचं, उद्याच्यांचा त्रास वाचावा म्हणून. आजच्या माणसाला कुणी विचारलं?

निदान ही किंमत कमी करता येते. चार सर्व्हर असतील तर त्यातला एक रांगेतून बाजूला काढून त्याचा डम्प घ्यावा, बाकीचे चालू राहतात. मेमरी संपल्याक्षणी डम्प आपोआप लिहून ठेवायची सोय जेव्हीएममध्ये आहे. आधीच चालू करून ठेवली की झालं. हे न करता रोजचा रीस्टार्ट चालू ठेवणं म्हणजे किंमत कुणी मोजायची हे आपण ठरवून टाकलेलं असतं, आणि मोजणाऱ्याला ते माहीतही नसतं.

डम्पचीही एक अडचण आहेच. त्यात लोकांची नावं, आजार, कधी पासवर्डसुद्धा साध्या अक्षरांत पडलेले असतात. ती फाइल टीमच्या ग्रुपवर टाकायची नसते, काम झालं की पुसायची असते. मॅटमध्ये ती उघडल्यावर कुठल्या ऑब्जेक्टने कुणाला धरून ठेवलंय एवढंच बघायचं असतं. पेशंट कोण, त्याला काय झालंय, हे वाचायची गरज नसते. नजर मात्र जाते.