हौसेचे मोल

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. म्हण जुनी आहे. परंतु उच्चारणाऱ्याच्या स्वराप्रमाणे तिचा अर्थ पालटतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. लेकीच्या लग्नात कुणी सनईचौघडा आणला, तर ही म्हण कौतुकाने उच्चारली जाते. आणि कुणी ऐपतीबाहेरची वस्तू घेतली, तर तीच म्हण किंचित ओठ मुरडून उच्चारली जाते. पहिल्या प्रसंगी हौस मोलापलीकडची ठरते, दुसऱ्या प्रसंगी ती बिनमोलाची ठरते. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटला, तरी तो मुळात नीतीचा प्रश्न आहे. अलीकडे त्याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली, ती एका अगदी ऐहिक वस्तूच्या निमित्ताने. ती वस्तू म्हणजे सायकलीची कार्बनची चाके.

बंगळुरातील इंदिरानगरात राहणाऱ्यांना ही वस्तू अपरिचित नाही. रविवारी पहाटे, शंभर फुटी रस्त्यावरील दुकाने अजून झोपेत असतात, तेव्हा सायकलस्वारांची टोळकी उत्तरेकडे, सुमारे ६० किलोमीटरवरील नंदीदुर्गाच्या दिशेने निघतात. त्यांतील काही सायकलींची चाके उंच, काळ्या कड्यांची असतात आणि डांबरावरून जाताना त्यांतून एक पोकळ, घुमणारा ध्वनी निघतो. केसाहूनही बारीक असे कार्बनचे तंतू राळेत भिजवून, थरावर थर रचून, साच्यात उष्णतेने व दाबाने घट्ट केले, की असे कडे तयार होते. याच जातीची विद्या विमानांच्या घडणीत वापरतात. इंदिरानगराला लागूनच, जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर, नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज ही संस्था आहे. 'तेजस' विमानाचे कार्बन तंतूंचे भाग घडवण्यात तिचा मोठा वाटा आहे. त्या विमानाच्या सांगाड्याच्या वजनापैकी सुमारे ४५ टक्के भाग अशा संमिश्र द्रव्यांचा असून, त्याने ४ जानेवारी २००१ रोजी आपले पहिले उड्डाण केले, ते याच परिसरातील विमानतळावरून. देशाच्या संरक्षणासाठी ज्या द्रव्याच्या साहाय्याने वजन वाचवले जाते, तेच आज कारकुनाच्या रविवारच्या रपेटीला उपलब्ध आहे. हे अयोग्य आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्याने विचाराला चालना मिळते, हे खरे.

आमच्या कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले, "दादा, ही चाके घ्यावीत की न घ्यावीत?" गृहस्थ साताऱ्याकडचा, विशीतला, कष्टाळू. नंदीच्या घाटात सोबतचे लोक त्याला मागे टाकून पुढे जातात, हे त्याला लागून राहिले होते. चांगल्या चाकांच्या जोडीला लाखभर रुपये सहज पडतात, आणि नामांकित जोड्या त्याच्याही दुप्पट किमतीला जातात. सातव्या वेतन आयोगाने उच्च श्रेणी लिपिकाचे आरंभीचे मूळ वेतन २५,५०० रुपये ठरवले; म्हणजे चार महिन्यांचे मूळ वेतन दोन चाकांत गेले. त्यातही तो ती हप्त्यांनी घेणार होता, आणि गावी धाकट्या बहिणीच्या वसतिगृहाचा खर्च त्याच्याच पगारातून जातो. प्रश्न त्याने हसत विचारला होता, पण त्याचे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची नोकरी बरीच झाली आहे, त्यांना सायकल-अग्रिमाचे स्मरण असेल. कारकून वा शिपाई यांनी वेळेवर कचेरीत पोचावे, म्हणून सरकार सायकलीसाठी आगाऊ रक्कम देई आणि पगारातून ती हप्त्याहप्त्याने वळती करून घेई. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ साली, अन्य काही अग्रिमांबरोबर तोही बंद झाला. सरकारी दप्तरातून सायकल गरजेची वस्तू म्हणून निघाली. इंदिरानगरात ती हौसेची वस्तू म्हणून परतली. तथापि ही विभागणी पुरी नाही. त्याच शंभर फुटी रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत घरोघर जेवण पोचवणारी मुले सायकली रेटत असतात. त्यांच्या लेखी सायकल अजूनही पोटाशी बांधलेली आहे.

तेव्हा 'गरज नसताना खर्च' हा पहिला आक्षेप पुढे येतो. हा आक्षेप नैतिक वाटतो, पण तो फार दूर जात नाही. बदलीच्या गावी सामानातून तंबोरा नेणाऱ्या अधिकाऱ्याला आपण गरजेविषयी विचारीत नाही. मुलुखापासून दूर, परभाषेच्या शेजारात, तो तंबोराच त्याच्या घराला घरपण देतो. केवळ गरजेपुरते जगणे म्हणजे काटकसर असेल. ते जीवन असेलच असे नाही. म्हणून हौसेला मुळातच दोषी धरता येणार नाही. विचारावयाचे ते एवढेच, की मोजलेल्या किमतीत प्रत्यक्ष मिळते काय.

यासाठी थोडा हिशेब केला पाहिजे. अल्युमिनियमच्या साध्या जोडीच्या जागी कार्बनची हलकी जोडी आली, तर चारपाचशे ग्रॅम वजन कमी होते. स्वार व सायकल मिळून ८० किलो धरले, तर ५०० ग्रॅम म्हणजे एकशेसाठावा भाग. चढावर लागणारा वेळ साधारणतः वजनाच्या प्रमाणात घटतो. ज्याला घाट चढायला अर्धा तास लागतो, त्याचे सुमारे ११ सेकंद वाचतील. सेकंदाला नऊ हजार रुपये! सपाटीवर शत्रू निराळा. तेथे वजनापेक्षा वारा अडवतो. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून उंच, निमुळत्या कड्याचा वेगवान स्वाराला उपयोग होतो खरा. परंतु तो गुण आकाराचा आहे, द्रव्याचा नव्हे. उंच कडे हलके ठेवता येते, एवढाच कार्बनचा विशेष. आणि तेच उंच कडे आडव्या वाऱ्यात शिडासारखे ढकलले जाते.

येथे दुसरा व अधिक खोल आक्षेप उभा राहतो. सायकलीवरून नंदी चढण्यात अर्थ आहे तो कष्टांमुळे. केवळ वर पोचायचे असते, तर मोटार होतीच. बर्नार्ड सूट्स या तत्त्वचिंतकाने १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात खेळाचे मर्म असे सांगितले, की अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करून ते पार करण्याचा यत्न म्हणजे खेळ. असे असता, आपणच पत्करलेला अडथळा पैसे देऊन कमी करणे ही विसंगती नव्हे काय?

सायकलीच्या इतिहासात हा वाद नवा नाही. तूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज यांचा वेग बदलणाऱ्या गिअरांना विरोध होता; शर्यत स्नायूंनी जिंकावी, यंत्राच्या युक्तीने नव्हे, असे त्यांचे मत. त्या शर्यतीत असे गिअर वापरण्याची मोकळीक मिळाली ती १९३७ साली. याहून बोधप्रद कथा तासाच्या विक्रमाची आहे. एका तासात एकट्याने किती अंतर कापता येते, याची ती परीक्षा. बेल्जियमच्या एडी मर्क्स याने १९७२ साली मेक्सिको शहरात साध्या नळ्यांच्या सायकलीवर ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमन याने १९९६ साली नव्या घडणीच्या सायकलीवर, हात पुढे ताणलेल्या विलक्षण आसनात, ५६.३७५ किलोमीटर गाठले. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवले, की हा विक्रम मर्क्सच्या काळासारख्या सायकलीवरच मोजावा. तेव्हा २००० साली तोच बोर्डमन तशा सायकलीवर बसला आणि त्याचे अंतर भरले ४९.४४१ किलोमीटर, मर्क्सहून अवघे दहा मीटर अधिक. चार वर्षांत त्याचे वय वाढले होते, हे मान्य करूनही, मधल्या सात किलोमीटरांपैकी बहुतांश कोणाचे होते, हे सांगावयास नको. पुढे २०१४ साली नियम पुन्हा सैल झाले. संघटनेची ही ओढाताण पाहिली म्हणजे दिसते, की साधनाला सीमा घालता येते, पण ती सीमा निसर्गदत्त नसते. माणसांनी एकमेकांच्या संमतीने आखलेली असते.

मग शुद्ध साधन असे काही उरतच नाही. मर्क्सची सायकलही त्या काळी अत्यंत हलकी म्हणून घडवलेली होती, आणि हवा भरलेला टायर हीसुद्धा एकेकाळची नवलाईच. साधन घेतले म्हणून कोणी पतित होत नाही. दोष संभवतो तो अन्यत्र. आणि तो दाखवण्यास आम्हां कारकुनांच्या धंद्यातील एक नियम पुरेसा आहे. एका लेखाशीर्षाखाली आलेली रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली दाखवू नये. रक्कम खरी असते, बेरीजही बरोबर जमते. तरीदेखील हिशेब खोटा ठरतो. चाकांनी दिलेली अकरा सेकंदे चाकांच्या खाती मांडली, तर ती निरुपद्रवी आहेत. तीच 'माझी प्रगती' म्हणून आपल्या खाती जमा केली, की आपण स्वतःशीच लबाडी करू लागतो. त्या दिवसापासून कालच्या आपणाशी आजच्या आपली तुलना करण्याचे मापच बिघडते. आणि सोबत्याला मागे टाकल्याचा अभिमान तर त्याहून विचित्र; कारण तेथे दोन पायांची नव्हे, दोन पगारांची शर्यत झालेली असते.

याच्या उलट ज्यांनी खरोखर काही मिळवले, त्यांच्याकडे पाहावे. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत असते. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र व महेंद्र महाजन या बंधूंनी ती २०१५ साली जोडीने पुरी केली, आणि २०१७ साली नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ व सैन्यातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. अशा शर्यतीस उत्तम सायकल लागतेच. परंतु सलग अकरा-बारा दिवस झोप मारण्याचे काम कोणतेही चाक करीत नाही. म्हणूनच तेथे यंत्राविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही. दोन्ही खाती स्वच्छ वेगळी दिसतात.

घेतल्यानंतरचेही एक कर्तव्य असते, व त्याचा विचार दुकानात होत नाही. अल्युमिनियमचे चाक खड्ड्यात आपटले तर बहुधा वाकते. कोपऱ्यावरचा सायकलवाला तारा आवळून त्याची आऊट काढून देतो. कार्बनचे कडे वाकत नाही. सोसवेल तोवर सोसते आणि मग तडकते, व अशा कड्यावर पुन्हा विसंबता येत नाही. ज्या सायकलीचा ब्रेक कड्यालाच घासतो, तिच्यावरून घाट उतरताना तो सतत धरून ठेवला, तर उष्णतेने राळ मऊ पडून कडे निकामी होण्याचे भय असते. मोडलेले अल्युमिनियम वितळून पुन्हा कामास येते. घट्ट झालेली राळ वितळतच नाही. अशी वस्तू घेणाराने ती जपून, जाणून व पुष्कळ वापरावी. गवसणीत गुंडाळून भिंतीला टांगलेली चाके मला वापरून झिजलेल्या चाकांपेक्षा अधिक उधळपट्टीची वाटतात.

राहिला हप्त्यांचा प्रश्न. माझ्या मते सगळ्यात निर्णायक तोच आहे. साठवलेल्या पैशाची हौस ही आपल्याच गतकाळातील संयमाचे फळ असते. हप्त्यांची हौस पुढच्या महिन्यांवर हुकूम सोडते, आणि त्या महिन्यांत आपण एकटे नसतो. ज्या बहिणीने ती चाके कधी पाहिलीही नाहीत, तिने त्यांच्या हप्त्यांमागे उभे राहावे, हे न्यायाचे नव्हे. हौस ज्याची, त्याग त्याचाच असावा.

मी त्या सहकाऱ्याला इतकेच सांगितले, की बहिणीचा खर्च बाजूला ठेवून उरलेल्यातून ती रक्कम साठव. साठेपर्यंत इच्छा टिकली, तर खुशाल घे, आणि घेतल्यावर घाटातील वेळेची वही नव्याने सुरू कर. जुनी वही मिटून ठेवावी, असे सुचवताच तो थोडा थबकला. चाकांच्या किमतीपेक्षा ही अट त्याला महाग वाटली असावी. त्याने अजून निर्णय केलेला नाही. दर महिन्याला टपालखात्यात थोडी रक्कम भरतो, रविवारी जुन्याच चाकांवर नंदी चढतो आणि लागलेली मिनिटे आपल्या नावावर लिहितो.