आधी वारा, मग छत

बागेत घडीचा गझिबो घ्यायचं मनात आलंय. चांगली गोष्ट आहे. वैशाखातल्या संध्याकाळी चार माणसांनी बाहेर बसावं, पोरांचा वाढदिवस हिरवळीवर व्हावा, आजीला कुंड्यांशेजारी खुर्ची टाकून बसता यावं, एवढंच तर हवं असतं. किमती, रंग, फोटो थोडा वेळ बाजूला ठेवू या. आज काही विकत घ्यायचं नाही. आज बागेत बसायचं आणि एकेक गोष्ट सावकाश मनात आणायची.

जिथे गझिबो उभा करायचा आहे, त्या जागेच्या मधोमध खुर्ची ठेवा. बसा. तळपाय जमिनीला पूर्ण टेकू द्या. श्वास त्याच्या गतीने येऊ-जाऊ द्या.

पहिल्यांदा ऊन पाहा. आत्ता ते तुमच्या कुठल्या खांद्यावर आहे? तासाभराने कुठे असेल? पुण्यात मे महिन्याच्या १३ तारखेच्या सुमारास आणि मुंबईत त्यानंतर दोन-तीन दिवसांनी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्या घटकेला छताची सावली नेमकी छताखाली पडते. पण त्या घटकेला आपण बागेत नसतो. आपण येतो चहाच्या वेळेला. मे महिन्यात पुण्यात दुपारी चार वाजता सूर्य पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर असतो. अडीच मीटर उंचीच्या छताची सावली तोवर जवळजवळ तीन मीटर पूर्वेला सरकलेली असते. नेहमीचा गझिबो असतो दहा बाय दहा फुटांचा, म्हणजे तीन बाय तीन मीटरचा. हिशेब मनातल्या मनात करा. छत डोक्यावर आहे आणि सावली शेजारच्या वाफ्यावर पडली आहे.

यावर थोडं थांबा. आपल्याला छत हवं आहे की चार वाजताची सावली? सावली हवी असेल, तर पश्चिमेच्या बाजूला लावता येईल अशी एक कनात सोबत घ्यावी लागेल, नाहीतर खुर्च्यांची जागा पूर्वेकडे सरकवावी लागेल. डिसेंबरात पुन्हा वेगळं. तेव्हा दुपारीही सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि सावली उत्तरेला, छताच्या उंचीच्या जवळपास नव्वद टक्के इतकी लांब जाते. हे सगळं कागदावर मांडायची गरज नाही. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी इथे येऊन बसलात, तर ऊन स्वतःच सांगेल.

आता वारा. इथे जास्त वेळ द्यायचा आहे.

वळवाची एखादी दुपार आठवा. दिवसभर पान हललेलं नसतं. मग एका बाजूने आभाळ काळवंडतं, अचानक गार झोत येतो, धूळ उठते, कुठेतरी दार आपटतं. पाऊस अजून आलेला नसतो. ढगातून कोसळणाऱ्या पावसाबरोबर गार, जड हवा खाली येते, जमिनीवर आदळून चहूकडे पसरते आणि पावसाच्या पुढे धावते. म्हणून पहिला थेंब पडण्याआधी वारा पोचलेला असतो. आवराआवर करायला मिळतात ती मोजकी मिनिटं.

तो वारा छताशी काय करतो, ते मनात नीट उभं करा. तो छताला फक्त ढकलत नाही. तो खालून शिरतो आणि छत शिडासारखं फुगवून वर उचलतो. घडीच्या गझिबोची खरी परीक्षा ही, उचललं जाण्याची. त्यात तीन बाजूंना कनाती लावलेल्या असतील आणि चौथी मोकळी बाजू वाऱ्याकडे असेल, तर आत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच उरत नाही. छताच्या शेंड्याला वर छोटी टोपी आणि तिच्याखाली हवेला फट असलेला गझिबो काही प्रमाणात हा दाब सोडून देतो.

आकडे थोडेच आहेत, पण ते मनात मुरू द्या. ताशी ३६ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण सहा किलो वजनाइतका दाब देतो. नऊ चौरस मीटरच्या छतावर तो पन्नास-पंचावन्न किलोंपर्यंत जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरला तोच आकडा दोनशेच्या वर पोचतो. छताच्या आकारानुसार आणि वाऱ्याच्या दिशेनुसार यात कमी-जास्त होतं, पण अंदाज यायला एवढं पुरेसं आहे. हलका गझिबो स्वतः असतो पंधरा-वीस किलोंचा. म्हणजे केवळ स्वतःच्या वजनावर तो उभा राहील, ही आशा धरायला जागा नाही.

मग त्याला धरून कोण ठेवणार? नजर खाली न्या. तळपायाखालची जमीन पाहा.

काळी माती असेल, तर ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून मऊ पडते. मे महिन्यात घट्ट बसलेली मेख जुलैत हाताने हलते. मुरमात मेख ठोकायला जोर लागतो, पण एकदा बसली की धरते. जांभ्यात पहारीने आधी भोक पाडल्याशिवाय काही आत जात नाही. आणि शहाबादी फरशी असेल, तर मेखेचा प्रश्नच मिटतो; तिथे वजनच हवं. वजनाचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. घरोघरी येतो तो वीस लिटरचा जार भरून प्रत्येक पायाला घट्ट बांधला, तर चार पायांना मिळून ऐंशी किलो होतात. वाळूच्या पिशव्या कमी जागेत जास्त वजन देतात. वजन पायाशी नुसतं टेकवून ठेवलं तर उपयोग नाही. ते पायाला बांधलेलं हवं, कारण उचलला जाणार आहे तो पाय.

मातीत मेखा ठोकणार असाल, तर तणाव्यांचा विचार करा. तणावा छताच्या कोपऱ्यातून निघावा आणि पायापासून साधारण त्या कोपऱ्याच्या उंचीइतक्या अंतरावर जमिनीला मिळावा, म्हणजे तो ४५ अंशांत बसतो. मेख तणाव्याच्या उलट दिशेला, म्हणजे डोकं गझिबोपासून दूर झुकलेलं राहील अशी ठोकावी. आता बसल्या जागेवरून चारही दिशांना बघा. तेवढी मोकळी जागा आहे का? तिथून पोरं धावणार आहेत का? असतील, तर तणाव्यांना लाल फडक्याच्या चिंध्या बांधायचं आत्ताच ठरवा.

इथवर आलात की सांगाड्याकडे वळता येतं. दुकानात गझिबो उघडून दाखवायला सांगा आणि एका पायाजवळ खाली बसा. पायाच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी निघत असेल तर काढून पाहा. नळीच्या कडेची जाडी नखाने चाचपा. पत्रा नखाइतका पातळ लागला, तर तिथेच समजा. मग बोट वर न्या, उंची कमी-जास्त करायच्या खटक्यापर्यंत. खटका दाबा, सोडा. तो भोकात पूर्ण बाहेर येतो का? भोकाची कड रंगलेली आहे की उघडी, चकचकीत? रंग दिल्यानंतर भोक पाडलेलं असेल, तर लोखंडाचा गंज तिथूनच सुरू होतो आणि पहिल्या पावसानंतर तांबूस ओघळ दिसतो. अलिबाग, मालवणसारख्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम बरं. पण रिबिटं आणि स्क्रू कशाचे आहेत तेही बघा.

आता कात्रीसारख्या उघडणाऱ्या पट्ट्या आणि त्या जिथे पायाला मिळतात ते सांधे. घडीच्या गझिबोची कमजोर जागा बहुतेक वेळा इथेच असते, कारण सगळा पीळ याच ठिकाणी येतो. अंगठ्याने सांधा दाबा. स्वस्तातलं प्लॅस्टिक दबलेलं जाणवतं. जाड नायलॉन किंवा ओतीव धातूचा सांधा हलत नाही. शेवटी एक पाय धरून सगळा सांगाडा हलकेच हलवा आणि समोरच्या कोपऱ्याकडे बघा. तो लगेच सोबत हलला तर बांधणी एकजीव आहे. थोडं थांबून, डुलत हलला तर प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई आहे.

कापडाला फार वेळ नको. लेबलावर डेनिअर लिहिलेलं असतं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. ६०० डेनिअरचं, आतून लेप दिलेलं पॉलिस्टर घरगुती वापराला ठीक. शिवणी आतून पट्टीने बंद केलेल्या हव्यात. आणि उतार हवा. कापड झोळ खाऊन एक चौरस मीटरमध्ये पाच सेंटिमीटर पाणी साचलं, तर ते पन्नास किलो होतं. चांगला सांगाडासुद्धा त्याखाली वाकतो.

आता पुन्हा खुर्चीत या. शेवटचा प्रश्न स्वतःला विचारायचा आहे: हे छत मी वेळेवर उतरवीन का?

कोकणात दिवाळीनंतर अंगण सारवून खळं करतात, त्यावर मांडव घालतात, वर झावळ्या पसरतात. पाऊस तोंडाशी आला की तो मांडव उतरतो. उतरवणं हे घालण्याइतकंच ठरलेलं काम असतं. त्यात कुणाला हार मानल्यासारखं वाटत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्यांतली जुनी, मुळं धरलेली नारळी-पोफळीची झाडं आडवी झाली. अशा वाऱ्यासाठी घडीचं छत बनवलेलंच नसतं. ते वेळेवर मिटता येतं, हाच त्याचा मोठा गुण.

कधी मिटायचं, हे बागेतलं झाड सांगेल. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याची श्रेणी आखली. तिला पुढे जमिनीवरच्या खुणांची जोड मिळाली. चौथ्या श्रेणीत, ताशी २० ते २८ किलोमीटरला, धूळ आणि कागद उडतात, बारीक फांद्या हलतात. पाचव्यात, २९ ते ३८ ला, पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागतात. सहाव्यात मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरवत नाही. तुमच्या बागेतलं एक झाड निवडा, पेरू असो की कढीपत्ता. ते अख्खं डोलू लागलं की माणसं घरात न्यायची आणि गझिबो उतरवायचा, एवढा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ओला मिटावा लागला, तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवा, नाहीतर घडीत बुरशी धरते.

आपण कुणाला सावलीत बोलावतो, तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या छताची जबाबदारीही घेतो. ती जबाबदारी मनात स्पष्ट झाली, की दुकानात फार गोंधळ होत नाही. पैसे कमी पडले तर रंग सोडा, छापील झालर सोडा, आकारही एक पायरी लहान घ्या. पण सांधे, मेखा, तणावे आणि पायांना बांधायचं वजन यांत काटकसर करू नका.