हौस तुझी, राबायचं आईनं?

यादी वाचली. चौदा पदार्थ. जेवणारी माणसं चार. हा घरचा बेत आहे की हॉटेलचं मेनूकार्ड?

नाताळच्या दुपारी घरच्यांना इटालियन पद्धतीनं जेवू घालायचं ठरवलंस, चांगलं केलंस. पण तीन तऱ्हेचे पास्ते, रिसोटो, पिझ्झा, वर गार्लिक ब्रेड, वर तिरामिसू! एक ना धड, भाराभर चिंध्या. तुला काही येत नसतं तर मी एवढी चिडले नसते. तुला येतं. सॉस तू उत्तम करतोस, हाताला चव आहे. मग डोकं कुठे गहाण टाकलंस?

जरा हिशेब कर. पाठोपाठ आणखी पदार्थ येणार असतील तर सुका पास्ता माणशी ८० ग्रॅम पुरतो. चौघांचा झाला ३२० ग्रॅम. तू दीड किलो आणून ठेवलास. कुणासाठी? रिसोटोपाशी अठरा-वीस मिनिटं उभं राहावं लागतं, हे मी तुला शिकवलंय. त्याच वेळी शेजारी पास्ता उकळत असणार. तो गाळणार कोण? पिझ्झा ओव्हनमधून काढणार कोण? बोल ना! आई. यादीत तिचं नाव कुठेच नाही, पण एकेक ओळ तिच्याच भरवशावर लिहिली आहेस.

"घरगुतीच तर आहे, होईल आयत्या वेळी." हे तुझं पालुपद. अरे, घरगुती आहे म्हणूनच आयत्या वेळी होत नाही. हॉटेलात वाढपी असतात, भांडी घासायला माणूस असतो. घरात रांधणाराच वाढतो आणि त्यालाही सगळ्यांबरोबर जेवायचं असतं. इटलीतल्या घरी सणाचं जेवण तासन्‌तास चालतं. आधी तोंड चाळवायला अँतिपास्तो, मग प्रीमो म्हणजे पास्ता, भात किंवा सूप, मग सेकोंदो म्हणजे मासे किंवा मटण, बाजूला भाजी, शेवटी गोड. एकामागून एक. सगळं एकदम ताटात नाही. हा क्रम तुला पाठ आहे. पण तो निभावायचा तर आदल्या दिवशी खपावं लागतं, एवढंच तू सोयीनं विसरलास.

बोलोन्यात नाताळला तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेले छोटे पास्ते लागतात, मांसाच्या निवळ रश्शात. ते वळायला घरातली माणसं आधीच टेबलाभोवती बसतात. सणाच्या दिवशी रस्सा गरम करायचा आणि त्यात सोडायचे. नेपल्समध्ये २४ डिसेंबरच्या रात्री मटण नाही, मासे. सोबत उकडलेला फ्लॉवर, ऑलिव्ह, व्हिनेगरमधल्या मिरच्या आणि खारवलेल्या अँचोव्ही यांचं सॅलड. ते आधी करून ठेवतात आणि मुरलं की जास्त चांगलं लागतं. पानेत्तोने, म्हणजे नाताळचा गोड पाव, तर मिलानमध्येही बहुतेक घरं विकतच आणतात. पेल्लेग्रीनो आर्तुझींचं घरगुती स्वयंपाकाचं पुस्तक १८९१ मध्ये निघालं. त्यात पाककृतींच्या जोडीला महिन्यावार आणि सणावार जेवणांचे बेतही आहेत. बेत लिहायचा म्हणजे काय नको ते ठरवायचं. तुला एकाही पदार्थावर काट मारवली नाही. ही हौस नाही, हा आळस आहे. विचार करायचा आळस.

आणि आजी? ती अंडंसुद्धा खात नाही. तिरामिसूत अंडी. बोलोन्याच्या लझान्यातल्या पट्ट्यांत अंडी. अस्सल पार्मिज्यानो-रेज्यानो चीज वासराच्या जठरातलं रेनेट घालून करतात. चौदा पदार्थांतलं तिच्या पानात काय पडणार होतं? पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायला किती वेळ लागतो? वेळ नव्हता म्हणू नकोस. व्हिडिओ बघायला होता. साहित्य मिळत नाही, हेही सांगू नकोस. फ्लॉवर, वांगी, टोमॅटो, पालक मंडईत ढिगानं पडलेत.

आता नीट ऐक. चार पदार्थ, पाचवा नाही. पहिला, फ्लॉवर-ऑलिव्हचं सॅलड, अँचोव्ही वगळून. ते २४ तारखेला सकाळीच कर. दुसरा, पालक आणि टोमॅटो सॉसचा लझान्या. पट्ट्या बिनअंड्याच्या घे, चीज शाकाहारी रेनेटचं. थर २४ च्या संध्याकाळी लाव आणि ट्रे फ्रीजमध्ये ठेव. दुसऱ्या दिवशी जेवायच्या तासभर आधी ओव्हनमध्ये घाल. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं सुरी लावू नकोस, नाहीतर थर घसरतात. तिसरा, लिंबू-लसूण लावलेलं पापलेट. लझान्या निघाला की ते ओव्हनमध्ये जाईल आणि तुम्ही जेवत असताना आपोआप भाजलं जाईल. आजीसाठी त्याऐवजी वांग्याचे काप, आधीच भाजून वेगळ्या ताटलीत. तिच्या वांग्याला माशाचा हात लागता कामा नये. शेवटी संत्री, सुके अंजीर, अक्रोड. इटलीतही नाताळच्या टेबलावर हेच असतं, आणि डिसेंबरात नागपूरची संत्री तुझ्या दारात येतात. आणखी काय हवं?

"एवढंसंच? लोक काय म्हणतील?" कोण लोक? आई, बाबा, आजी? त्यांना चौदा पदार्थांचं कौतुक नाही. तू त्यांच्याबरोबर बसून जेवलास, तर आहे. तू घामाघूम होऊन ओट्याशी आणि आई तुझ्यामागे पसारा आवरत, याला सण म्हणायचं?

बाबांना फ्लॉवर चिरायला बसव. भांडी तू घास. आईला त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकू देऊ नकोस. मदत करू का विचारत येईलच ती. तेव्हा विरघळू नकोस. तिथेच तुझी खरी परीक्षा आहे.

उद्या बाजारहाट उरक. २४ च्या रात्री लझान्याचा ट्रे फ्रीजमध्ये गेला आणि ओटा पुसून झाला की मला फोन कर. त्याआधी एकही सबब सांगायला फोन करू नकोस.